दिव्याची आणि दृष्टीची फारकत करू नये : नाट्यशिक्षण संस्थांच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

रंगमंचावरील प्रकाशयोजनेचा अभ्यासक्रम 'संकल्पन' आणि 'तंत्र' अशा दोन स्वतंत्र शाखांत विभागण्याची पद्धत काही नाट्यशिक्षण संस्थांत रूढ होत आहे आणि तिला आपल्यासारख्या मंडळांची संमतीही मिळत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका शाखेतले विद्यार्थी संहिता वाचतात, चित्रकलेचा इतिहास शिकतात, नाटकाच्या भावाशयावर टिपणे लिहितात. दुसऱ्या शाखेतले डिमर (दिव्यांचे तेज कमी-जास्त करणारी यंत्रणा), केबल, कन्सोल (सगळे दिवे चालवणारा नियंत्रण-फलक) आणि दिव्यांचे प्रकार शिकतात. वेळापत्रकाला हे सोयीचे आहे, यात शंका नाही. तरीही ही विभागणी मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे, आणि तिची कारणे मी तीस वर्षांच्या कामातून, त्यातही बऱ्याच अंशी स्वतःच्या चुकांतून, मांडणार आहे.

सुरुवात अलीकडच्या एका प्रसंगापासून करते. एका संस्थेत वर्षअखेरीच्या परीक्षेला मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. दोन्ही शाखांना एकच प्रवेश दिलेला होता : रात्रीची वेळ, घरात एकटी म्हातारी, आणि बऱ्याच वर्षांनी दारात येऊन उभा राहिलेला तिचा मुलगा. संकल्पन शाखेतल्या विद्यार्थिनीने अकरा पानांचे टिपण सादर केले. टिपण खरोखर चांगले होते. 'दार उघडल्यावर बाहेरचा उजेड मुलाच्या आधी घरात शिरतो' हे त्यातले वाक्य मला अजून आठवते. मी तिला विचारले की हा उजेड कोणत्या दिव्यातून येणार आणि तो दिवा कुठे टांगणार. ती म्हणाली, "ते तंत्रवाले बघतात." तंत्र शाखेतल्या विद्यार्थ्याने त्याच बारा मिनिटांच्या प्रवेशासाठी त्रेसष्ट क्यू, म्हणजे ठरवलेले प्रकाशबदल, बसवले होते आणि त्यातला एकही क्यू चुकला नाही. मात्र मुलगा दारात उभा होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता, आणि म्हातारीच्या पाठीमागच्या भिंतीवर पानांच्या सावल्यांचा गोबो (दिव्यात बसवायची नक्षीची चकती) संथपणे फिरत होता. रात्री, घराच्या आत, ही पाने कुठली, असे मी विचारले तेव्हा तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, तो इफेक्ट आम्हाला शिकवला होता."

दोघांनाही मी उत्तीर्ण केले. जे शिकवले होते ते दोघांनाही येत होते. त्या मुलीचे वाक्य त्या मुलाच्या हातात पडले असते तर प्रवेश उभा राहिला असता, असे आपणांस वाटेल; मलाही क्षणभर तसे वाटले. पण ते वाक्य त्याला मिळाले असते तरी त्याने त्याचे काय केले असते, हा प्रश्न उरतोच. बाहेरचा उजेड माणसाच्या आधी आत यायचा असेल तर दिवा विंगेत, दाराच्या चौकटीपलीकडे, पुरेसा मागे आणि छातीच्या उंचीच्या वर असावा लागतो. दार उघडताच लांबट चौकोन जमिनीवर पडावा, म्हणून त्याची कडा धारदार लागते, म्हणजे मऊ कडेचा झोत देणाऱ्या फ्रेनेल दिव्याऐवजी प्रोफाइल दिवा लागतो. आणि मुलगा उंबऱ्यावर येतो तेव्हा त्याची स्वतःची सावली त्या चौकोनात पडून म्हातारीच्या पायांपर्यंत पोहोचते की नाही, हे दिव्याच्या उंचीवर ठरते. माझ्या मते या प्रवेशाचा अर्थ त्या सावलीच्या लांबीत आहे. आता ही सावलीची लांबी संकल्पनात मोडते की तंत्रात, हे कोणत्या शाखेच्या प्रश्नपत्रिकेत घालायचे, ते मंडळाने मला सांगावे.

'कला आणि तंत्र यांचा समतोल' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तराजू येतो : एका पारड्यात थोडी प्रतिभा, दुसऱ्यात थोडे कौशल्य. प्रकाशाच्या बाबतीत हा तराजू मला कधी सापडला नाही. दिशा, अंतर, रंग, आकार, तीव्रता आणि बदलाचा वेग एवढ्याच गोष्टींतून प्रकाश बनतो, आणि यांतील प्रत्येक गोष्ट मोजता येणारी आहे. ज्याला या गोष्टी ठाऊक नाहीत त्याला प्रकाशाविषयी बोलता येते, प्रकाशाची कल्पना मात्र करता येत नाही, कारण त्याच्या मनात उमटते ते चित्र बहुधा एखाद्या छायाचित्राचे किंवा चित्रपटाचे असते, जिथे कॅमेऱ्याने डोळ्याचे निम्मे काम आधीच केलेले असते.

हे मी शिकले ती पद्धत फारशी गौरवाची नाही. माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात शेवटचा प्रवेश तळ्याकाठी, पहाटेपूर्वीचा होता. मी जेलच्या, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदांच्या, नमुन्यांची पुस्तिका खिडकीशी धरली, एक गडद, देखणा निळा निवडला, आणि हजार वॅटच्या दोन फ्रेनेलना तो लावून क्यू शीटमध्ये तीस टक्के असे लिहिले. तांत्रिक तालमीच्या रात्री तो क्यू आला तेव्हा रंगमंचावर काहीच दिसेना. मी ओरडून पन्नास मागितले, मग ऐंशी, मग पूर्ण. नटाच्या चेहऱ्यावर शाई सांडावी तसे काहीतरी दिसले, आणि अर्ध्या तासाने जेलच्या मधोमध फिकट डाग पडू लागला. डिमर बोर्डावर जे ज्येष्ठ गृहस्थ होते त्यांना सगळे काका म्हणत. ते शांतपणे म्हणाले, "ताई, खिडकीतल्या उजेडात निळं असतं म्हणून कागद निळा दिसला. हॅलोजन मंद केला की तांबडा होतो. त्यात निळं उरतच नाही, मग कागद गाळणार काय?"

एका वाक्यात त्यांनी मला भौतिकशास्त्राचा अख्खा पाठ शिकवला. पूर्ण तेजावर हॅलोजनच्या प्रकाशाचे वर्णतापमान (रंगछटेचे माप) साधारण ३२०० केल्विन असते, भर दुपारच्या उजेडाचे साधारण ५५०० च्या आसपास. दिवा मंद करत गेले की त्यातली तार थंड होत जाते, हा आकडा घसरतो आणि प्रकाश पिवळा, नंतर तांबूस होत जातो. अत्यंत गडद निळ्या जेलमधून अशा प्रकाशाचे शंभरातले पाच भागही पलीकडे जात नाहीत. बाकीचे उष्णता होऊन त्याच कागदाला जाळतात. काकांनी पुढे जे केले ते मात्र कोणत्याही पाठात नव्हते. त्यांनी गडद निळा काढून अगदी फिकट निळा लावला, हजार वॅटच्या जागी पाचशे वॅटचे दिवे घेऊन ते जवळजवळ पूर्ण तेजावर ठेवले, बाकी सारे विझवले, आणि नटाच्या पायाशी असलेल्या कंदिलात एक लहानसा पिवळा दिवा बसवायला सांगितले. तो पिवळा ठिपका लागताच अख्खे तळे निळे झाले. निळेपण त्या कंदिलामुळे आले होते, कारण शेजारी उबदार रंग असला की डोळा फिकट निळ्यालाही निळा मानतो. काकांनी नाट्यशिक्षण घेतलेले नव्हते. त्या रात्री सभागृहात प्रकाशाची कल्पना करू शकणारा माणूस एकच होता, आणि तो डिमर बोर्डावर बसलेला होता.

आपल्या एका मंडळाच्या मसुद्यात 'यंत्रे बदलत राहतात, दृष्टी टिकते. म्हणून संकल्पनाच्या विद्यार्थ्यांवर यंत्रांचा भार टाकू नये' असा युक्तिवाद मी वाचला. यातला पहिला भाग खरा आहे आणि त्याच कारणासाठी दुसरा भाग चुकीचा आहे. यंत्र बदलते तेव्हा दृष्टीलाही पुन्हा शिकावे लागते. १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले, पण नट आणि नाट्यगृहचालक हेन्री अर्व्हिंग यांनी तिथल्याच लायसियम नाट्यगृहात त्यानंतरही दीर्घकाळ गॅसच्या दिव्यांचा आग्रह धरला, कारण त्या ज्योतींतला मऊपणा त्यांना नव्या दिव्यांत सापडत नव्हता. आज हॅलोजनकडून एलईडीकडे जाताना आमची पिढी नेमक्या त्याच जागी उभी आहे. एलईडी मंद केला की तांबूस होत नाही. आहे त्याच रंगात तो फिका होत जातो. मावळतीचा तो उबदारपणा, जो वर्षानुवर्षे आम्ही आपल्या कौशल्याचा भाग समजत होतो, तो खरे तर तारेचा गुणधर्म होता आणि आम्हाला फुकट मिळत होता, हे आम्हाला तो गेल्यावर कळले. आता तो हवा असेल तर प्रत्येक क्यूमध्ये रंग वेगळा सरकवावा लागतो. म्हणजे आधी 'मावळत जाणारा प्रकाश' ही कल्पना होती. आता ती किती वेळात, किती तांबूस होत मावळावी, हा निर्णय झाला आहे, आणि निर्णय घेणाऱ्याला हे माहीत असले पाहिजे की असा निर्णय घ्यायचा असतो.

याचे आणखी एक उदाहरण थोडे सविस्तर देते, कारण ते आकड्यांत सांगता येते. एका नाटकाच्या शेवटी दिग्दर्शकाला तीन मिनिटांचा विझणारा प्रकाश हवा होता, इतका संथ की प्रेक्षकाला तो कधी सुरू झाला हे कळू नये. आम्ही तो एलईडी दिव्यांवर बसवला. पहिली अडीच मिनिटे अप्रतिम गेली आणि शेवटच्या काही सेकंदांत प्रकाश पायऱ्या उतरावा तसा ठेचकाळत खाली आला. मरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो चार-पाच वेळा हिसकला. कारण साधे होते. १९८६ पासून दिवे आणि कन्सोल ज्या डीएमएक्स ५१२ संकेतावर बोलतात त्यात प्रत्येक चॅनेलला शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. तीन मिनिटांत त्या उतरायच्या म्हणजे दर पायरीला सुमारे ०.७ सेकंद. वरच्या टोकाला २५५ वरून २५४ वर आलेले कोणालाही दिसत नाही. खालच्या टोकाला दोनवरून एकवर येणे म्हणजे उजेड थेट निम्मा होणे, आणि डोळा फरक मोजतो तो प्रमाणात. हॅलोजनची तार थंड व्हायला वेळ घेते, म्हणून ती या पायऱ्या स्वतःच बुजवून टाकत असे. एलईडी तसे करत नाही. उपाय होता : त्याच दिव्याला तीव्रतेसाठी दोन चॅनेल देऊन पायऱ्या ६५,५३६ करणे. आमच्या दिव्यांत ती सोय नव्हती, म्हणून शेवटचा अर्धा मिनिट आम्ही एका जुन्या हॅलोजन प्रोफाइलवर सोपवला आणि एलईडी त्याआधीच हळूच काढून घेतले. दिग्दर्शकाने नंतर विचारले की आता शेवट अधिक हळवा का वाटतो. मी त्याला तारेची गोष्ट सांगितली. त्याला ती फारशी आवडली नाही असे दिसले. दिग्दर्शकांना हळवेपणाचे कारण तारेत असलेले आवडत नाही.

इतिहासाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो, म्हणून त्याबद्दल थोडेसे. संकल्पनवादी मंडळी हमखास अदोल्फ आप्पिया यांचे नाव घेतात : या स्विस चिंतकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्वत्र पसरणारा प्रकाश आणि आकार घडवणारा प्रकाश यांत भेद केला, सावलीला रंगमंचावर हक्काची जागा मागितली, आणि हे सारे त्यांनी बहुतांश कागदावर केले. खरे आहे. पण ती कल्पना १९१२-१३ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ इथे माणसांच्या डोळ्यांपुढे आली तेव्हा तिथे अलेक्झांडर फॉन साल्झमान यांनी भिंतींच्या आणि छताच्या अर्धपारदर्शक कापडामागे हजारो दिवे बसवलेले होते. आप्पियांची तोवरची बरीच वर्षे हे दिवे नसल्यामुळे वाट पाहण्यात गेली, हे अभ्यासक्रमात सहसा येत नाही. लोई फुलर यांनी तर वाटच पाहिली नाही. या नर्तकीने १८९० च्या दशकात आपल्या नृत्यवेषाची आणि रंगमंचावरील परिणाम साधणाऱ्या यंत्रणेची पेटंटे स्वतःच्या नावावर घेतली. आणि कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मध्ये 'अंगार' या नाटकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी प्रकाशातून उभे केले, तेव्हा ते कविता करत होते की विजेचे काम करत होते, हे वेगळे काढून दाखवणारा समीक्षक अजून माझ्या वाचनात आला नाही.

आता दुसऱ्या बाजूचे बोलते, कारण माझी तक्रार केवळ संकल्पन शाखेबद्दल आहे असा समज होऊ नये. तंत्र शाखेचे नुकसान माझ्या मते अधिक मोठे आहे. तिथे विद्यार्थ्याला कन्सोल शिकवला जातो आणि डोळा शिकवला जात नाही. १९७५ मध्ये प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्रथमच संगणकीय स्मृती असलेला बोर्ड वापरला, त्यापूर्वी एकेका क्यूसाठी माणसांच्या हातांना लक्षात ठेवावे लागत असे. आता यंत्र सारे लक्षात ठेवते. लक्षात ठेवण्याचे ओझे उतरले की माणसाची नजर मोकळी होऊन रंगमंचाकडे वळायला हवी होती. प्रत्यक्षात ती पडद्यावरच्या आकड्यांकडे वळली. मी तरुण ऑपरेटर पाहते जे दोन-दोन तासांच्या तालमीत एकदाही मान वर करत नाहीत.

तालमीतले एक संभाषण देते. प्रकाशयोजनाकार अंधारात मागच्या रांगेत बसून हेडसेटवर म्हणाला, "अजून उदास हवंय." ऑपरेटरने निळा वाढवला. "नाही, अजून." त्याने आणखी निळा दिला आणि तीव्रता कमी केली. असे चार वेळा झाले आणि नटी निळ्या काळोखात बुडून गेली. दोघेही एकमेकांवर वैतागले होते, आणि दोषी दोघेही होते. पहिल्याला हे सांगता येत नव्हते की त्याला समोरचा सपाट उजेड नको आहे, बाजूचा एकच दिवा हवा आहे, आणि गालाचा दुसरा अर्धा भाग अंधारात जायला हवा आहे. दुसऱ्याला हे सुचत नव्हते की उदासपणा दिशेतही असू शकतो, कारण त्याला उदास म्हणजे निळा असे कोणीतरी तक्ता करून शिकवले होते. शेवटी चुकून समोरच्या दिव्यांचा ग्रुप बंद झाला, बाजूचा एक उबदार, जवळजवळ पिवळा दिवा तेवढा राहिला, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "हां! हेच." तो पिवळा उदास होता. अपघाताने सापडलेली ही गोष्ट तालमीच्या पहिल्या मिनिटाला शब्दांत सांगता यावी आणि पहिल्या मिनिटाला हाताने करता यावी, यासाठीच शिक्षण असते असे मी समजते.

डोळ्याविषयी तर दोन्ही शाखांत जवळपास काहीच शिकवले जात नाही. अंधाराला पूर्ण सरावायला माणसाच्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात; झगझगीत प्रवेशानंतर लगेच आलेला चांदण्याचा प्रवेश त्यामुळे प्रेक्षकांना सुरुवातीला नुसता काळा दिसतो आणि ते खोकू लागतात. अनुभवी माणूस काय करतो, तर त्या झगझगीत प्रवेशाच्या शेवटच्या सात-आठ मिनिटांत उजेड इतका हळू उतरवतो की कोणाच्या लक्षात येत नाही; मग पंचवीस टक्क्यांचे चांदणेही स्वच्छ वाटते. मंद उजेडात लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ दिसतो, हे चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवले होते. वेशभूषाकाराने नायिकेला हौसेने लाल शाल दिलेली असते आणि रात्रीच्या प्रवेशात ती काळी होते. मग चूक प्रकाशवाल्याची ठरते. ही माहिती तंत्राची की सौंदर्यशास्त्राची, हा प्रश्न मी पुन्हा विचारत नाही.

प्रकाशयोजनेचे अमेरिकी शिक्षक स्टॅन्ली मॅककँडलेस यांची पद्धत आपल्या सर्व अभ्यासक्रमांत आहे : रंगमंचाचे भाग पाडावेत, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी सुमारे पंचेचाळीस अंशांत दोन दिवे यावेत, एक उबदार आणि एक शीतल. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने माझ्यासह हजारो नवशिक्यांना तारले आहे, पण ती ज्या रीतीने शिकवली जाते त्याबद्दल एक शब्द बोलायला हवा. मॅककँडलेस यांनी पुस्तकाच्या नावातच 'एक पद्धत' असे म्हटले होते. आपण त्या 'एक'चा 'एकमेव' केला आहे. विद्यार्थी संहिता वाचण्याआधीच नऊ भाग आखून अठरा दिवे मांडतो, आणि मग उरलेल्या दिव्यांत नाटक बसवू पाहतो. दोन दिवे चेहरा दिसण्यासाठी असतात. चेहरा केव्हा दिसू नये, हे ठरवायला नाटक वाचावे लागते.

आपला सर्वांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे. मोठ्या निर्मितीत प्रकाशयोजनाकार, प्रोग्रामर, ऑपरेटर, दिवे टांगणारे, अशी माणसे वेगवेगळीच असतात. कोणी एक माणूस सगळे करत नाही, मग शिक्षणाने व्यवसायाचे अनुकरण का करू नये? व्यवसायात कामे वाटलेली असणे योग्यच आहे आणि ती तशी असावीत. मला स्वतःला आजचा मोठा कन्सोल उत्तम प्रोग्रामरइतका चालवता येत नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण काम वाटून घेणाऱ्या माणसांना एकमेकांचे काम कुठे दुखते हे माहीत असावे लागते. साठ दिव्यांच्या फोकसिंगला, म्हणजे त्यांचे झोत नेमक्या जागी बसवायला, दर दिव्याला पाच मिनिटे धरली तरी पाच तास लागतात, हे शिडीवर कधी न चढलेल्या संकल्पकाला कळत नाही. तो मध्यरात्री आणखी दहा दिव्यांची जागा बदलायला सांगतो आणि पहाटे थकलेल्या माणसाच्या हातून दिवा खाली पडू नये म्हणून असलेली एखादी सेफ्टी चेन लावायची राहते. याविषयी मी अधिक लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

तेव्हा माझ्या अपेक्षा अशा. पहिल्या वर्षी शाखा नकोत. पहिल्या सहामाहीत कन्सोलही नको. एक दिवा, एक खुर्ची, खुर्चीत बसलेला एक माणूस आणि काळोखी खोली पुरे. विद्यार्थ्याने तो दिवा समोरून, कडेने, माथ्यावरून, पाठीमागून आणि पायातून लावावा, प्रत्येक वेळी खुर्चीतला माणूस कोण झाला ते चार ओळींत लिहावे, आणि दिव्याचे अंतर दुप्पट केल्यावर उजेड चौथा हिस्सा राहतो, हे सूत्र फळ्यावर येण्याआधी त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहावे. माझी खात्री आहे की असे पाहिलेले सूत्र परीक्षेनंतरही विसरले जात नाही. दुसऱ्या वर्षापासून ज्याला जिकडे ओढ असेल तिकडे त्याने अधिक वेळ द्यावा, याला माझी हरकत नाही. मात्र संकल्पनाकडे गेलेल्याने वर्षाला निदान दोन निर्मितींत दिवे टांगून फोकस करावेत, आणि तंत्राकडे गेलेल्याने निदान दोन नाटकांच्या तालमींना पहिल्या वाचनापासून बसावे, वहीत दिव्यांचा एकही आकडा न लिहिता.

परीक्षेबद्दल एकच सुचवते, कारण अभ्यासक्रम कागदावर काहीही असला तरी विद्यार्थी परीक्षेसाठीच शिकतात. क्यूंची संख्या आणि टिपणाची पाने मोजणे थांबवावे. विद्यार्थ्याने चाळीस दिव्यांची योजना सादर करावी, परीक्षकांनी ती मंजूर करावी, आणि प्रत्यक्ष सादरीकरणाच्या दोन तास आधी त्यातले बारा दिवे काढून घ्यावेत. कोणते बारा, हे विद्यार्थ्यानेच सांगावे आणि का ते तोंडी सांगावे. हा खेळ क्रूर वाटेल, पण व्यवसायात तो दर महिन्याला होतो. दिवे बंद पडतात, नाट्यगृह लहान निघते, डिमर कमी पडतात. उरलेल्या अठ्ठावीस दिव्यांत त्या मुलीचा दारातून शिरणारा उजेड शिल्लक राहिला तर तिला आपले वाक्य कळले होते असे मी मानेन, आणि त्या मुलाने पानांचा गोबो पहिल्याच फटक्यात काढून दिला तर त्यालाही पूर्ण गुण देईन.

शिक्षकांच्या नेमणुकीचा मुद्दा आपल्या अधिकारातला आहे, तरी लिहून ठेवते : डिमर बोर्डावर आयुष्य घालवलेली, पदवी नसलेली माणसे अजून आहेत, आणि त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून व्यासपीठावर बसवण्यापेक्षा विद्यार्थ्यांबरोबर अंधारात बसवावे. माझे काका आता नाहीत. त्यांनी शिकवलेले मी या पत्रात जेवढे लिहू शकले तेवढे लिहिले आहे. उरलेले हाताने दाखवायचे आहे.

आपली पुढील बैठक जिथे असेल तिथे मी एक दिवस यायला तयार आहे. अंधार करता येईल अशी एक खोली, एक पाचशे वॅटचा दिवा, एक शिडी आणि एक खुर्ची एवढीच व्यवस्था लागेल. खुर्चीत बसायला मात्र विद्यार्थी नको. मंडळाच्या सदस्यांपैकीच कोणी अर्धा तास बसल्यास आणि बाकीच्यांनी समोरून पाहिल्यास बरे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक प्रकाशयोजनाकार